कोहळ्याला पहिला हात

सलील जेवायला बसला की घरातल्या साऱ्या बाया हातातलं काम टाकून त्याच्या तोंडाकडे पाहत राहायच्या. शनिवारी सकाळीही तेच झालं. स्पृहाच्या आईनं कणीक पालकाच्या पाण्यात भिजवली होती. पान नाही, देठ नाही, नुसतं उकळलेलं पाणी. वर तूप, वर साखर. सलीलनं पोळीचा तुकडा तोडला, पण तोंडात घातला नाही. दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढला, दाराच्या उजेडाकडे धरून पाहिला आणि अलगद ताटाच्या कडेला ठेवून दिला.

"यात हिरवं आहे," तो म्हणाला.

स्पृहाला हसू आवरेना. साडेचार वर्षांचं पोरगं हुबेहूब तिच्या बाबांसारखं करत होतं. नंदकिशोर राळेगावच्या खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा किती लांब आहे, ओल किती, पिवळी कवडी किती, हे बघायचं आणि प्रत सांगायची, यातच त्यांचे केस पांढरे झाले होते. पुतण्याला हे त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. तो बघून बघून शिकला होता, आणि कापसाच्या जागी त्याला घरातल्या पोळ्या सापडल्या होत्या.

पण सलीलच्या आईचा, शाल्मलीकाकूचा, चेहरा पाहून स्पृहानं हसू गिळलं.

काकूची ऑर्डर बुधवारी आली होती. शिक्षणसेवक म्हणून फुलसावंगीची शाळा मिळाली होती, आणि सोमवारी रुजू व्हायचं होतं. न झाल्यास नेमणूक रद्द, असं खाली स्पष्ट छापलेलं. बाभुळगावहून फुलसावंगी म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक, रोज जाणं-येणं शक्य नाही. तिथं दोन मास्तरणींच्या खोलीत तिसरी गादी टाकायची सोय झाली होती. दिवसभर तिघीही शाळेत, मग पोराला कोण बघणार? म्हणून सलील जूनपर्यंत आजीपाशी राहणार, आणि काकू दर शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.नं येणार, असं ठरत होतं. अवधूतकाकाच्या सूतगिरणीला कुलूप लागून वर्ष उलटलं होतं. तो सध्या मोठ्या भावाच्या ओळखीनं केंद्रावर वजनकाट्यापाशी हंगामी उभा राहायचा. हंगाम सरला की तेही सरणार. तेव्हा ही नोकरी काकूची एकटीची नव्हती, साऱ्या घराची होती.

काकूनं एकच अट घातली होती, आणि ती इतक्या हळू आवाजात सांगितली होती की कोणालाच तिच्याबद्दल शंका उरली नाही. रविवारपर्यंत तो तुमच्या हातून पोटभर जेवताना दिसला तर जाईन. नाही तर नाही.

सलीलचं पोटभर म्हणजे काय, हा सगळा घोळ होता. काकूच्या मांडीवर बसून, अख्खी गोष्ट ऐकत, तो चार घास भाजीचे खायचा. ती नसली की दूध, साखर आणि बटाटा. डॉक्टरांनी त्याची पापणी खाली ओढून पाहिली होती आणि रक्त कमी आहे, भाज्या पोटात जाऊ द्या, असं बजावलं होतं. त्याला मात्र कोणी काहीच बजावलं नव्हतं. आपली आई जाणार आहे हेही नाही. काकूनं पेटी भरायला घेतली तेव्हा त्यानं विचारलं होतं, आणि हे जुने कपडे बोहारणीसाठी काढून ठेवते आहे, असं सांगून तिनं पेटी पलंगाखाली सारली होती.

"काल गाजराचा कीस दशमीत टाकला, तो धाग्यावरून सापडला," स्पृहानं जाहीर केलं. "मेथी कडूपणावरून. पालक रंगावरून. म्हणजे आपल्याला अशी भाजी पाहिजे जिला धागा नाही, कडूपणा नाही आणि रंग असा की पदार्थाचाच वाटला पाहिजे."

"तू काहून त्याच्या मागे हात धुऊन लागली गं?" आईनं ताट उचलत विचारलं. "प्रदर्शन आहे का हे तुझं?"

होतंच. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात नववीतून स्पृहाचा पहिला नंबर आला, तेव्हापासून ती घरात नुसती चालत नव्हती, तपास करत चालायची. वरण कशानं उतू जातं, मांजर भिंतीवरून आधी कोणता पाय टाकतं, आजी रागावली की आधी चष्मा काढते की आधी बोलते. आणि आता तर तिला असा प्राणी सापडला होता, जो एवढ्याशा जिभेनं साऱ्या घराला हरवत होता. त्याला कळतं कसं, हे जाणून घेतल्याशिवाय तिला झोप आली नसती.

दुपारी तिला उत्तर सापडलं. मागच्या पत्र्यावर चढलेल्या वेलाला दोन लाल कोहळी धरली होती, चांगली पिकून दगडासारखी झालेली. कोहळं किसायचं, गुळात शिजवायचं, गाळणीतून दाबून काढायचं म्हणजे धागा राहत नाही. त्याच्यातच कणीक मळायची आणि घारगे तळायचे. गुळाच्या रंगात कोहळ्याचा रंग जिरून जातो. वासाला वेलदोडा.

हे ऐकून आईनं वेलदोड्याची डबी खाली काढली, म्हणजे तिला पटलं होतं. बोलली ती काकू, जी दोन दिवस कोणाशी धड बोलत नव्हती. घारगे टिकतात किती, असं तिनं विचारलं. थंडीत पाच दिवस कुठं जात नाहीत, आई म्हणाली, पाणी लावलं नाही तर आणखीही.

काकू दाराला टेकून उभी होती. तिचे ओठ नुसते हलत होते. शनिवारी येणं, रविवारी तळणं, सोमवार, मंगळवार, बुधवार. "म्हणजे तो आठवडाभर माझ्याच हातचं खाईल," ती म्हणाली. आणि आत जाऊन तिनं पलंगाखालची पेटी ओढली, एक निळी साडी घडी करून तिच्यात ठेवली. स्पृहानं ते खिडकीतून पाहिलं आणि तिला वाटलं, झालं, जिंकलो.

तिनं आजीला हिशेबात धरलंच नव्हतं.

रत्नप्रभाबाईंचा, म्हणजे आजींचा, या नोकरीला आधीपासून विरोध होता. तसा त्यांनी तो बोलून दाखवला नव्हता, पण फुलसावंगी हे नाव त्या दरवेळी नव्यानं ऐकल्यासारखं ऐकायच्या आणि तिकडे एस.टी. जाते का हो, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या. आईचा कौल जाण्याच्या बाजूनं होता, कारण महिन्याचं वाणसामान आईच आणायची. स्पृहाचा कौल कोणी मागितला नव्हता, तरी तो सगळ्यांना पाठ होता.

रविवारी सकाळी स्पृहानं शिडी लावून मोठं कोहळं उतरवलं आणि मांडीवर घेऊन, बाळासारखं पुसून, स्वयंपाकघराच्या मध्ये ठेवलं. आईनं विळी घेतली. काकूनं गूळ फोडायला घेतला. आजी देवापुढून उठून आल्या, कोहळ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "थांबा. याले पहिला हात कोण लावून राह्यलं?"

तिघी एकमेकींकडे पाहू लागल्या. हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. अख्ख्या कोहळ्याला बाईनं पहिलं पातं लावायचं नाही, हे या घरातच नव्हे तर आळीतल्या साऱ्या घरांत होतं. कोहळं म्हणजे घरातला थोरला मुलगा. पुरुषानं एकदा चीर दिली की मग बाया त्याचं काय हवं ते करोत. एरवी नंदकिशोर नाही तर अवधूत आंघोळीला जाता जाता एक घाव घालून जायचे, दोन क्षणांचं काम. पण दोघंही आठवडाभर राळेगावला अडकले होते. काल शेजारच्या फोनवर बाबांचा आवाज आला होता, घसा बसलेला. कापसाच्या गाड्यांची रांग स्टँडच्याही पुढं गेली आहे, माणसं गाड्यांखाली निजतात, कोणाला भाव पटत नाही आणि सारा राग ग्रेडरवर निघतो. आम्ही येत नाही, तुम्ही जेवून घ्या.

"मी कापते," स्पृहा म्हणाली.

"तू मधात बोलू नको."

"पण आजी, बाईनं कापलं तर होतं काय? कोणी करून पाहिलं आहे का?"

आजींनी आधी चष्मा काढला. "करून पाहायले कोणाचा थोरला पोरगा द्यायचा? तुझा बाप देतेस?"

स्पृहानं हात मागं घेतला. मागच्याच आठवड्यात कुठल्याशा केंद्रावर गाडीवाल्यांनी एका ग्रेडरला दुपारपासून दिवेलागणीपर्यंत खोलीत कोंडून धरलं होतं. पेपरात आलं होतं ते. आजी रोज सकाळी पेपर शेवटच्या पानापासून वाचायच्या, म्हणजे वाईट बातमी पोचेपर्यंत चहा तरी पिऊन होतो. एखाद्या चांगल्या वर्षी कदाचित त्यांनी डोळेझाक केली असती. या वर्षी नाही. आणि स्पृहानं बघितलं, काकूनं हातातला बत्ता खाली ठेवला होता. एकुलत्या एका मुलाची आई ती. तिच्या हातात कोणी सुरी दिली असती तरी तिनं ती धरली नसती.

मग पुरुषाचा शोध सुरू झाला. शेजारचे शेतावर गेलेले. दूधवाला येऊन गेलेला. समोरचे मास्तर पाय मोडून पडलेले, त्यांच्याकडे कोहळं न्यायचं तर रस्त्यातून मिरवत न्यावं लागलं असतं. गूळ उघडा पडला, त्याच्यावर मुंग्या चढायला लागल्या, आणि तेवढ्यात आईला सुचलं.

"आपला सलील आहे की."

साऱ्यांचे चेहरे उजळले. खरंच की, घरात पुरुष होताच, अंगणात मातीत बसून गोगलगाय बघत होता. आजी तर एकदम सैल झाल्या. नंदूचे वडील, आबाजी, गेले तेव्हा तो याच्याहून थोडा मोठा होता, त्या सांगू लागल्या, तेव्हापासून घरातली कोहळी त्यानंच कापली. आईनं सलीलचे हात-पाय धुतले, काकूनं त्याला स्वच्छ सदरा घातला, आजींनी कोहळ्याला हळदकुंकू लावलं. सुरीची मूठ त्याच्या हातात दिली. त्याच्यानं ती धरवेना, तेव्हा स्पृहानं वरून हात ठेवला, तर आजींनी हरकत घेतली. मूठ धरायची नाही. मनगट धरलं तर चालतं. मग स्पृहानं मनगट धरलं, आईनं खालून कोहळं दाबून धरलं आणि दोघींनी मिळून सलीलकडून ते कापून घेतलं.

कोहळं कर्रकन फाटलं. सलीलनं दोन्ही भकलं हातांनी दूर केली आणि आत डोकं घातलं. केशरी गर, गराला चिकटलेले ओले धागे, धाग्यात अडकलेल्या पांढऱ्या बिया. त्यानं बोट घातलं, बोट चाटलं, हुंगलं. एक बी काढून उजेडाकडे धरली. "याचं काय करणार?" त्यानं विचारलं.

तेव्हा कुठं स्पृहाच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्याच्यापासून लपवायचं होतं त्यालाच चांगले कपडे घालून, हळदकुंकू लावून, वास देऊन, चव देऊन सगळं दाखवलं होतं. आणि हे चौघींपैकी एकीच्याही लक्षात आलं नव्हतं. तिनं आईकडे पाहिलं. आई तोंडावर पदर धरून होती. तिलाही आत्ताच उमगलं होतं.

"गाईला देणार," स्पृहा घाईघाईनं म्हणाली. "शेजारच्या गाईला. चल, आपण देऊन येऊ."

आणि आईनं एका भकलाच्या साली काढताच तिनं त्या आणि धागे परातीत गोळा केले, त्याला उचललं आणि मागच्या दारानं निघाली. गाईनं साली खाल्ल्या. सलील उभा राहून बघत होता. "आतलं कुठं आहे?" त्यानं विचारलं. आतलं नंतर, स्पृहा म्हणाली. त्यानं रिकाम्या परातीत डोकावून पाहिलं, आणि ते तिला आवडलं नाही.

घरात इकडे अर्धं कोहळं शिजून, गाळून, मळून झालं. काकूनं घारगे लाटले, प्रत्येक एकाच मापाचा, वाटीनं कापलेला. आई तळत गेली. घरभर गुळाचा आणि वेलदोड्याचा असा घमघमाट सुटला की आजीही न बोलावता येऊन बसल्या. रंग बघा, आई म्हणाली, देवाला शंका येणार नाही. तळून झाल्यावर काकूनं ते कागदावर पसरले, गार होऊ दिले आणि पितळी डब्यात एकावर एक रचले. एक ताटलीत काढून ठेवला.

सलील जेवायला बसला. आज घास कोणी भरवायचा नाही असं ठरलं होतं. चौघी चार कोपऱ्यांत चार कामं करत असल्याचं दाखवत होत्या. आजी निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होत्या.

त्यानं घारगा मोडला. दोन्ही अंगठ्यांत धरून ओढला. धागा निघाला नाही. उजेडाकडे धरला. रंग गुळाचा. स्पृहा मनातल्या मनात टाळ्या वाजवायला लागली होती. त्यानं तुकडा नाकाशी नेला, मग जिभेचं टोक लावलं, आणि मग मागच्या दाराकडे पाहिलं.

"हे गाईचं आहे," तो म्हणाला.

"नाही रे राजा," आई पटकन म्हणाली, "गुळाचं आहे, तुझ्यासाठी केलं."

सलीलनं आईकडे पाहिलं. मग आजीकडे, स्पृहाकडे, शेवटी काकूकडे. पोळीकडे पाहायचा तसंच, एकेकीला उजेडात धरून. त्यानं ताटली पुढं सरकवली.

"आणि ती पेटी?" त्यानं काकूला विचारलं. "ती पण गाईची आहे का?"

चुलीवरचं तेल अजून गरम होतं, त्यात एक बारीकसा कण तडतडला. काकूनं हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, आणि ती उभी राहिली.

"ताई, भाऊजींना फोन करा," ती आईला म्हणाली. "मी जात नाही म्हणून सांगा."

स्पृहाला वाटलं आई आता अडवेल. दोन दिवस तीच तर म्हणत होती, जा, मी आहे. पण आईनं ताटलीतला मोडका घारगा पाहिला आणि तिचा आवाजच बदलला. पोरगं असं हात लावत नसेल तर माझ्याच्यानंही ही जबाबदारी घेववत नाही, ती म्हणाली, उद्या काही झालं तर तूच मला बोलशील. जूनमध्ये दुसरी कुठली ऑर्डर निघेल. निघणार नव्हती, हे तिलाही माहीत होतं. स्पृहा मध्ये पडली, हे चूक आहे, एका घारग्यावरून कोणी नोकरी सोडतं का, चूक माझी आहे, मीच गाईचं सांगितलं. आईनं तिला गप्प बसवलं. तिनं आईला उलट उत्तर दिलं. काकू आतल्या खोलीकडे निघाली.

"शाल्मली, बस खाली," आजी म्हणाल्या.

काकू थांबली. आजींनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. "जायचं का नाही ते मागून पाहू. पहिले त्याले खरं सांग. चार दिवस झाले, घरात जो तो कुजबुजून राह्यला, अन् तो आला गेला की तोंड मिटता. पोरगं पोळीत काहून पाहते मग? त्याले समजते ना, काहीतरी लपवून राह्यले हे."

स्पृहा आजीकडे पाहतच राहिली. धागा, रंग, कडूपणा असं सगळं तिनं मांडलं होतं, आणि हे तिनं कुठंच मांडलं नव्हतं. पोळ्या ओढून पाहणं सुरू झालं कधी? ती मागं मागं गेली. ताटावरून उठणं, तोंड फिरवणं, हे जुनं होतं. पण दोन्ही अंगठ्यांत धरून उजेडात पाहणं बुधवारपासूनचं होतं. पेटी निघाली त्या संध्याकाळपासूनचं.

काकू सलीलसमोर बसली. मांडीवर घेतलं नाही, समोर बसली, मोठ्या माणसासमोर बसावं तशी. मी उद्या शाळेत शिकवायला जाणार होते, ती म्हणाली, लांबच्या गावी. पेटी माझीच आहे, बोहारणीची नाही. तू इथं राहणार होतास आजीजवळ, आणि मी दर शनिवारी येणार होते. हे तुला सांगायचं मला भ्या वाटत होतं.

सगळ्यांना वाटलं आता तो भोकाड पसरेल. आईनं दाराची कडीसुद्धा लावली, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. पण सलील रडला नाही. त्याचा खालचा ओठ थोडा पुढं आला आणि तिथंच राहिला, आणि त्यानं प्रश्न विचारायला सुरुवात केली. गावाचं नाव काय. एस.टी. लाल आहे का. शाळेत त्याच्याएवढी मुलं आहेत का, आणि ती मारतात का. तू निजशील कोणाजवळ. दोन मास्तरणी आहेत, काकू म्हणाली, त्यांच्याजवळ. तिथं काका नाहीत का? नाहीत. बाबा? नाहीत. तिथं एकही माणूस नाही?

"नाही रे. आम्ही तिघी बायाच."

सलीलनं यावर विचार केला. मग त्यानं अर्ध्या कोहळ्याकडे, जे अजून ओट्याखाली पडलं होतं, बोट दाखवलं.

"मग तिथं कोहळं कोण कापेल?"

काकूला हसू आलं आणि त्याच्याबरोबर डोळ्यांत पाणीही. "आम्ही कोहळं आणणारच नाही."

"म्हणजे तू भाजी नाही खाणार," सलील म्हणाला. त्याच्या आवाजात दटावणी होती, डॉक्टरांची होती तशीच.

आई फसकन हसली. काकूनं सवयीनं आजीकडे पाहिलं. आणि आजी कोणाकडेच पाहत नव्हत्या. बाजूच्या सुपातल्या तांदळावर बोटं फिरवत त्या बसल्या होत्या. स्पृहाला तो चेहरा वाचता येईना, आणि तिला तो वाचायची फार म्हणजे फार इच्छा झाली.

"स्पृहा," त्या शेवटी म्हणाल्या, "पत्र्यावरचं दुसरं आण."

स्पृहा शिडी न लावताच वर चढली.

दुसरं कोहळं लहान होतं, एका बाजूनं अजून हिरवट. आजींनी ते पुसलं. हळदकुंकू लावलं, जरा जास्तच. मग सुरी उचलून तिची मूठ काकूपुढं केली.

काकू मागं सरकली. "मी नाही. हा समोर बसला आहे ना. आणि तिकडे राळेगावला ते दोघं अडकलेले."

"मी पण अशीच बसाची," आजी म्हणाल्या. "आधण ठेवाची अन् नंदू शाळेतून याची वाट पाहाची. आधण आटून जाये, पुन्हा ठेवाची. पोरगं दप्तर टाकते न टाकते, त्याच्या हातात सुरी. लहान होता तो. खेळायले जायचं असे त्याले." त्यांनी मूठ आणखी पुढं केली. "तुले तिथं कोणाची वाट पाहाची आहे? घे. इथं माझ्यासमोर हात बसू दे. तिथं गेल्यावर भ्याली तर मी नसणार."

"काही झालं तर?"

"झालं तर मी सांगितलं म्हणून झालं. तुझ्यावर नाही."

आईनं डोळे मिटून घेतले. स्पृहाच्या तोंडाशी आलं होतं, मी कापू का, मला कापू द्या ना. पण तिनं ते आत ढकललं. हा हात तिचा नव्हता, हे तिला कोणी न सांगताच कळलं, आणि असं कळल्याचं तिला स्वतःचंच नवल वाटलं.

काकूनं सुरी धरली. तिचं मनगट कोणीही धरलं नाही. पातं हिरवट बाजूला टेकलं, घसरलं, पुन्हा टेकलं. तिनं श्वास घेतला आणि अंगाचा भार टाकला. साल चरचरली, मग एकदम आतला मऊ गर लागला आणि कोहळं दोन होऊन परातीत लवंडलं. आजींचा हात नकळत दाराकडे गेला, राळेगाव ज्या बाजूला होतं तिकडे, आणि परत येऊन गुडघ्यावर बसला.

सगळ्यांच्या आधी सलील पुढं झाला. त्यानं दोन्ही भकलं दूर केली आणि आत डोकं घातलं. त्यानं बोट फिरवलं, धागे ओढले, एक बी काढून उजेडाकडे धरली. मग त्यानं ओट्याखालचं त्याचं स्वतःचं अर्धं कोहळं ओढत आणलं, दोन्ही शेजारी शेजारी ठेवली आणि एकदा याच्यात, एकदा त्याच्यात पाहिलं. घरातल्या चार बाया त्याच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"तसंच आहे," तो म्हणाला. "मी कापलं तसंच."

आजींनी चष्मा लावला. "बरं झालं सांगितलं," त्या म्हणाल्या. "आता ते घारगे. त्याच्यात हेच कोहळं आहे, गूळ घालून. गाईचं नाही, घरचं आहे. खायचं असलं तर खा, नसलं तर नको खाऊ."

सलीलनं वेळ घेतला. पालक नको, असं त्यानं आधी ठरवून घेतलं. पालक नाही, आजी कबूल झाल्या. गाजर कधी कधी चालेल. आणि आत काय आहे ते पहिले सांगायचं. सांगू, आई म्हणाली. स्पृहाकडे त्यानं वेगळं पाहिलं, म्हणून तिलाही वेगळं कबूल करावं लागलं.

मग त्यानं पितळी डबा ओढून घेतला, वरचा घारगा काढला आणि एक कडा चावली. चावताना त्याचा चेहरा काही फार आनंदी नव्हता. गिळायला वेळ लागला. त्यानं आणखी चावलं, पुन्हा गिळलं, आणि अर्ध्यावर येऊन थांबला. उरलेला अर्धा त्यानं निरखून पाहिला, मग डब्यात सगळ्यांच्या वर नीट आडवा ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी झाकण दाबून बसवलं.

"हा उद्याचा," तो म्हणाला.

काकू उठली आणि पेटीचं कुलूप शोधायला आत गेली.